शुगरच्या रिपोर्टमधला गोल केलेला आकडा : वाचकांचे प्रश्न

मधुमेहाच्या तपासणीबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांसोबत रिपोर्टचा फोटो आहे आणि फोटोत एका आकड्याभोवती तांबड्या पेनाने गोल. सगळी काळजी त्या गोलात. रक्त किती वाजता घेतलं, कोणत्या नळीत घेतलं, मशीनवर किती वेळाने लागलं, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं. उत्तरं देताना आम्हाला त्याचीच गरज पडली. खालचे शुगरचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमच्या रिपोर्टवर मिलिमोल प्रति लिटर असं लिहिलं असेल तर त्या आकड्याला १८ ने गुणा.

पहिलं पत्र क्रम मोडून वर घेतलं आहे. त्या पालकांना उत्तर त्याच दिवशी कळवलं होतं, इथे छापतो आहोत ते इतरांसाठी.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपासून सारखं पाणी पितो, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतो. खाणं वाढलंय, तरी वजन पाच किलोने उतरलं. उपाशीपोटी तपासणीसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. तोवर गोड बंद ठेवलं तर चालेल ना?

नाही चालणार. आजच्या आज जवळच्या रुग्णालयात न्या. उपाशी असण्याची वाट पाहू नका. तहान, वारंवार लघवी आणि उतरणारं वजन ही तिन्ही लक्षणं असताना दिवसातल्या कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तात शुगर २०० किंवा त्याहून जास्त निघाली, तर निदान तिथेच पक्कं होतं. दुसऱ्या तपासणीची गरज राहत नाही.

मुलांमध्ये असा झपाट्याने येणारा मधुमेह बहुतेक वेळा टाइप १ असतो. शरीरात इन्सुलिनच उरत नाही, मग शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी, यांपैकी काहीही दिसलं तर आठवडा सोडाच, काही तासही हातात नसतात. पोटदुखीमुळे पोटाचाच आजार समजला जातो, जलद श्वासामुळे छातीचा. म्हणून दारातच सांगा : ‘खूप पाणी पितोय, लघवी वाढलीय, वजन उतरलंय, आधी शुगर आणि कीटोन बघा.’ बोटाच्या एका थेंबावर दोन मिनिटांत अंदाज येतो. अंथरूण ओलं करायची सवय सुटलेलं लहान मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर तीही अशीच खूण धरावी.

एचबीए१सीवर इथे अवलंबून राहू नका. ती तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तीन आठवड्यांत भडकलेली शुगर त्या सरासरीत पूर्ण उतरलेली नसते.

प्रश्न : वय ४४, काही त्रास नाही. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी शुगर १२९ आली. आठ दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये ११८. कोणता रिपोर्ट खरा धरायचा?

दोन्ही खरे असू शकतात. उपाशीपोटी १०० च्या आत म्हणजे ठीक, १०० ते १२५ म्हणजे पूर्वमधुमेह, १२६ आणि वर म्हणजे मधुमेह, असे हे टप्पे आहेत. जागतिक आरोग्य संघटना पूर्वमधुमेहाची सुरुवात ११० पासून धरते, त्यामुळे १०३ वर एका लॅबचा रिपोर्ट खूण करतो आणि दुसरीचा करत नाही. एकाच माणसाची उपाशीपोटीची शुगर कसलाही बदल न करता एका दिवसापासून दुसऱ्या दिवशी ५-६ टक्क्यांनी इकडेतिकडे होते. १२६ च्या आसपास ते सात-आठ अंक झाले. याच कारणाने, लक्षणं नसतील तर एका आकड्यावर मधुमेह ठरवत नाहीत. मर्यादेच्या वरचे दोन निकाल लागतात : एकच तपासणी दोन वेगळ्या दिवशी, किंवा एकाच दिवशीच्या रक्तावर दोन वेगळ्या तपासण्या, उदाहरणार्थ उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी.

पण तुमच्या दोन आकड्यांपैकी आम्हाला जास्त शंका आहे ती ११८ ची. ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. नसेतून काढलेलं रक्त नळीत गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी संपते. सकाळी सातला १२९ असलेलं रक्त दीड तास टेबलावर पडून राहिलं, की मशीनवर ११८ च्या आसपास भरतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर ही घट आणखी वेगाने होते.

हे थांबवायला शुगरचं रक्त राखाडी बुचाच्या नळीत घेतात. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. लोकांना वाटतं, राखाडी बूच म्हणजे काळजी मिटली. पण फ्लोराइड साखर जाळण्याच्या साखळीतली शेवटाकडची एक पायरी अडवतं. वरच्या पायऱ्या काही काळ चालूच राहतात, त्यामुळे पहिला तास-दीड तास घट होतेच. खरा उपाय म्हणजे नळी लगेच बर्फात ठेवणं आणि अर्ध्या तासात यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या काढणं, किंवा सायट्रेट असलेली नळी वापरणं. ती सुरुवातीपासूनच पेशींना थोपवते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नमुना हाताळण्यातल्या या चुकीने आकडा खाली जातो, वर जात नाही. म्हणजे धोका खोट्या ‘नॉर्मल’चा आहे. घरून रक्त नेणारा माणूस सहा घरं करून लॅबमध्ये पोहोचत असेल, तर तुमची नळी कितव्या घरची, हे जरूर विचारा. शक्य असेल तर लॅबमध्येच जाऊन रक्त द्या.

आता तुम्ही काय करायचं? तिसऱ्यांदा नुसती उपाशीपोटीची शुगर करू नका. एकाच वेळी उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी करा. दोन्ही मर्यादेच्या वर आल्या तर निदान झालं. दोन्ही खाली असतील तर वर्षभराने पुन्हा. एक वर, एक खाली आली तर जी वर आली तीच तपासणी परत करायची असते.

हा १२६ चा आकडा आला कुठून, असंही तुम्ही विचारलं आहे. आधी मर्यादा १४० होती. लोकांच्या डोळ्यांचे पडदे तपासून, शुगरच्या कोणत्या पातळीपासून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडलेल्या दिसू लागतात, ते पाहिलं गेलं आणि १९९७ साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने मर्यादा १२६ वर आणली. आकडा डोळ्यांवरून ठरला आहे.

प्रश्न : उपास नेमका किती तासांचा? बिनसाखरेची कॉफी चालते का? रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही?

किमान ८ तास, आणि १४ च्या पुढे नको. साधं पाणी हवं तेवढं प्या. कॉफी-चहा बिनसाखरेचाही नको, कॅफिनने शुगर हलते. सिगारेट, च्युइंग गम आणि सकाळचा व्यायाम तपासणीनंतर. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी थांबवायला सांगितली नसेल तर पाण्यासोबत घ्या.

रक्त सकाळीच द्या. नाश्ता टाळून दुपारी दोनला जाणारे ‘उपाशी’ असतात खरे, पण दुपारची उपाशीपोटीची शुगर सकाळपेक्षा कमी भरते आणि सगळे टप्पे सकाळच्या आकड्यांवर बेतलेले आहेत. ताप, जागरण किंवा स्टिरॉइडचा कोर्स चालू असेल तर आणीबाणी नसताना तपासणी पुढे ढकला.

प्रश्न : वय ३६. पाळीत रक्तस्राव खूप होतो, हिमोग्लोबिन ८.९ आहे. एचबीए१सी ६.७ आलं आणि मधुमेहाची गोळी सुरू झाली. पण उपाशीपोटी शुगर ९८ आणि जेवणानंतर १३२ आहे. मला मधुमेह आहे का?

तुमच्या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही, आणि हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांपुढे जरूर ठेवायला हवा. गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती टक्के साखर चिकटली, ते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि त्या काळात तिच्यावर साखरेचं पुट चढत जातं. रिपोर्टमधल्या आकड्याचा सुमारे अर्धा भाग शेवटच्या महिन्याचा असतो, उरलेला त्याआधीच्या महिन्यांचा. ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ पूर्वमधुमेह, ६.५ आणि वर मधुमेह. उपास लागत नाही, नळी जांभळ्या बुचाची असते आणि नमुन्यात साखरेसारखी घट होत नाही. सोयीची तपासणी आहे, म्हणूनच २०१० पासून निदानासाठी ती सर्रास वापरली जाऊ लागली.

पण हे सगळं गणित पेशीचं वय ठरलेलं आहे या गृहीतकावर उभं आहे. वय बदललं की गणित फसतं. लोह कमी असेल तर एचबीए१सी शुगर न वाढताही वर सरकतं. तुमच्या बाबतीत तेच घडलं असावं. उलट जिथे पेशी लवकर मरतात किंवा नव्या पेशींची भर पडते, तिथे आकडा खोटा खाली येतो : पेशी फुटण्याचे आजार, अलीकडे झालेला मोठा रक्तस्राव, रक्त चढवणं, डायलिसिसवरच्या रुग्णांची एरिथ्रोपोएटिनची (तांबड्या पेशी वाढवणारी) इंजेक्शनं, गर्भारपणाचे शेवटचे सहा महिने. हिमोग्लोबिनचे आनुवंशिक प्रकार, म्हणजे सिकलसेल, ई, डी वगैरे, आणखी वेगळा गोंधळ घालतात. काही पद्धतींत ते आकडा बिघडवतात, काहींत नाही. म्हणून लॅबची पद्धत कोणती आणि तिला एनजीएसपीची (एचबीए१सीच्या पद्धती प्रमाणित करणाऱ्या कार्यक्रमाची) मान्यता आहे का, हे रिपोर्टवर छापलेलं असायला हवं. मशीनच्या आलेखात अनोळखी शिखर दिसलं तर चांगली लॅब तशी टीप देते. ती टीप पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. वाचा.

घरी करता येईल अशी एक पडताळणी आहे. एचबीए१सीला २८.७ ने गुणून त्यातून ४६.७ वजा केले की त्या काळातली सरासरी शुगर निघते. तुमचं ६.७ म्हणजे सरासरी १४६. जिची उपाशीपोटी ९८ आणि जेवणानंतर १३२ आहे, तिची दिवसभराची सरासरी १४६ कशी होईल? हे जुळत नाही, आणि न जुळणं हीच खूण.

आता करायचं काय? फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासून लोहाची कमतरता पक्की करा आणि तिच्यावर उपचार घ्या. मधुमेहाचा निर्णय या काळात एचबीए१सीवर न सोपवता ग्लुकोज टॉलरन्स टेस्टवर (मोजून ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीवर, ती पुढच्या उत्तरात आहे) करा. एक सावधगिरी : लोह सुरू झालं की नव्या कोऱ्या पेशींची लाट येते आणि काही आठवडे एचबीए१सी खोटं कमी दिसतं. तेव्हाही फसू नका. हिमोग्लोबिन जागेवर आल्यानंतर तीन महिने जाऊ द्या, मग ती तपासणी पुन्हा करा.

प्रश्न : बाबा ५८ वर्षांचे. उपाशीपोटी १०८, जेवणानंतर १६०, एचबीए१सी ६.२. डॉक्टरांनी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट सांगितली आहे. जेवणानंतरची झालेली असताना ती कशासाठी?

जेवण हे माप नाही. कुणी किती खाल्लं, किती वेळात खाल्लं, त्यात स्निग्ध पदार्थ किती, यावर आकडा बदलतो. निदानाची २०० ची मर्यादा मोजून दिलेल्या ७५ ग्रॅम ग्लुकोजसाठी ठरली आहे, जेवणासाठी नाही. मधुमेहाचं निदान झालेल्या माणसाचे उपचार कसे चाललेत हे पाहायला जेवणानंतरची शुगर उपयोगी आहे. निदानाला ती पुरत नाही.

तपासणीची तयारी तीन दिवस आधी सुरू होते. त्या दिवसांत रोजचं जेवण घ्यायचं, पिष्टमय पदार्थ दिवसाला किमान १५० ग्रॅम पोटात जायला हवेत. नेमकं इथेच चुकतं. तपासणी जवळ आली की लोक खाणं कमी करतात. मग स्वादुपिंडाला मोठ्या साखरेची सवय सुटते, इन्सुलिन उशिरा येतं आणि दोन तासांचा आकडा खोटा वर जातो. चांगलं दिसायला गेलं आणि उलटं झालं, असा प्रकार.

सकाळी उपाशीपोटी पहिलं रक्त घ्यायचं. मग ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. हातातली पावडर मोनोहायड्रेट असेल, म्हणजे तिच्यात स्फटिकाचं पाणी असेल, तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. डब्यावरची बारीक अक्षरं इथे कामी येतात. वजनकाट्यावर तोला, चमच्यांनी नको. घरातली साखर तर अजिबात नको, तिच्यात ग्लुकोज निम्मंच असतं. घड्याळ पहिल्या घोटाला लावायचं, शेवटच्या नाही. पुढचे दोन तास बसून राहायचं : फेऱ्या नाहीत, सिगारेट नाही, खाणं नाही. पाण्याचा एखादा घोट चालतो. चालण्याने स्नायू साखर ओढतात आणि आकडा खाली येतो. उलटी झाली तर तपासणी रद्द, दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या. ग्लास गार असला आणि त्यात लिंबाचे चार थेंब असले तर मळमळ कमी होते.

दोन तासांनी १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ पूर्वमधुमेह, २०० आणि वर मधुमेह. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एका तासाच्या रक्तालाही महत्त्व दिलं आहे. त्यांच्या मते एक तासाला १५५ आणि वर म्हणजे पूर्वमधुमेहाचा टप्पा, २०९ आणि वर म्हणजे मधुमेह. बाबांची नस एकदा जास्त टोचली जाईल, पण एका तासाचंही रक्त घ्यायला सांगा असं आम्ही सुचवू. बिघाड सुरू होतो तेव्हा तो आधी तिथे दिसतो.

दोन तासांचा आकडा एकाच माणसात बराच हेलकावे खातो, १५ टक्क्यांच्याही पुढे. २०४ आला तर दुसऱ्या निकालाने पक्का केल्याशिवाय मोहोर लावायची नाही. आणि काहीही आलं तरी बाबांचे आजचे दोन आकडे पूर्वमधुमेहाचे आहेतच. याच टप्प्यावर सर्वांत जास्त करता येतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम या ध्येयांवर काम केलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. ‘बॉर्डरलाइन आहे, काही नाही’ हे वाक्य आम्हाला फार खुपतं ते यासाठी.

प्रश्न : आईच्या ग्लुकोमीटरवर सहज तपासली तर माझी शुगर २१८! लॅबला जाऊ की आधी आठवडाभर घरीच बघू?

लॅबला जा. पण त्याआधी बोटाकडे बघा. फळ सोललेल्या बोटावर राहिलेला रसाचा अदृश्य थर थेंबात मिसळला की शुगर दुप्पटही दिसू शकते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझरने हे काम भागत नाही, आणि ओल्या बोटाने थेंब पातळ होतो. बोट फार पिळू नका. स्ट्रिपच्या डबीची तारीख पाहा. झाकण उघडं राहिलेल्या डबीतल्या स्ट्रिप दमट होऊन वाटेल ते आकडे देतात.

हे सगळं नीट करूनही चांगल्या ग्लुकोमीटरला १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा असते. म्हणजे २१८ दिसलं तर लॅबमध्ये १९० ते २५५ यांतलं काहीही असू शकतं. रक्तक्षय असणाऱ्यांमध्ये तो जास्त दाखवतो, रक्त दाट असणाऱ्यांमध्ये कमी. म्हणूनच ग्लुकोमीटरवर किंवा दंडावर लावायच्या सेन्सरवर निदान करत नाहीत. हा आकडा फक्त सांगतो की नसेतलं रक्त तपासून घ्या. तहान आणि वजनघट सोबत असेल तर आजच.

प्रश्न : लघवीत साखर दोन प्लस, रक्तात सगळं नॉर्मल. हे कसं?

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती परत ओढून घेणं झेपत नाही आणि ती लघवीत उतरते. काही लोकांत ही पातळी जन्मतःच खाली असते, गर्भारपणातही ती उतरते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर साखर लघवीवाटे काढण्याचंच काम करतात आणि त्या हृदय-मूत्रपिंडासाठीही दिल्या जातात. तुम्ही त्यांपैकी एखादी घेत असाल तर उत्तर तिथेच आहे. लघवी स्वच्छ असणं हेही मधुमेह नसल्याचा पुरावा नाही. निदान रक्तावरच.

प्रश्न : २६ वा आठवडा चालू आहे. ७५ ग्रॅमच्या तपासणीत उपाशीपोटी ९४, एका तासाला १६८, दोन तासांना १३९. एकच आकडा, तोही दोन अंकांनी जास्त. तरी गर्भारपणातला मधुमेह म्हणतात?

हो. गर्भारपणात मर्यादा वेगळ्या आहेत : उपाशीपोटी ९२, एका तासाला १८०, दोन तासांना १५३. यांतली एकही गाठली तरी निदान होतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २५,००० गर्भवतींवरच्या अभ्यासात आईची शुगर, नेहमीच्या अर्थाने ‘नॉर्मल’ असतानाही, जसजशी वाढते तसतसं बाळाचं वजन आणि सिझेरियनचं प्रमाण वाढतं असं दिसलं. मर्यादा त्यावरून खाली आल्या. काही ठिकाणी पोटात अन्न असतानाच ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी १४० ही एकच मर्यादा पाहतात, म्हणून मैत्रिणीच्या रिपोर्टशी तुमचा रिपोर्ट ताडून पाहू नका.

घाबरू नका, बहुतेकींना आहार आणि चालणं पुरतं. मात्र बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची असते, ती बाळाच्या धावपळीत हमखास राहते. आत्ताच बाळाच्या लसीकरणाच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर.

प्रश्न : वय २९, अंगाने बारीक, आईला मधुमेह. कधीपासून तपासायचं?

काहीच जोखीम नसलेल्यांनी ३५ पासून, आणि सगळं ठीक आलं तर दर तीन वर्षांनी. वजन जास्त असेल आणि जोडीला एखादी जोखीम असेल तर वयाची वाट पाहायची नाही. आशियाई लोकांत हे ‘जास्त वजन’ बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३ पासूनच धरतात, इतरांत २५ पासून. जोखीम म्हणजे आई-वडील किंवा भावंडांत मधुमेह, रक्तदाब, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा विकार), गर्भारपणात झालेला मधुमेह, बैठं आयुष्य, चांगलं कोलेस्टेरॉल ३५ च्या खाली किंवा ट्रायग्लिसराइड २५० च्या वर. मानेच्या घडीवर घासूनही न जाणारा काळपट मखमली पट्टा दिसतो का तेही पाहा. तो मळ नसतो, इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते.

वजनकाटा तुम्हाला बारीक म्हणत असला तरी कंबर मोजून बघा. आईमुळे आत्ता एकदा तपासून घेणं शहाणपणाचं ठरेल.

प्रश्न : वय ४१, किडकिडीत. आठ महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला, दोन गोळ्या पूर्ण मात्रेत चालू आहेत, तरी एचबीए१सी १० आणि वजन उतरतंच आहे. पथ्य पाळत नाही असा आरोप होतो.

आरोप करण्याआधी प्रकार तपासायला हवा. टाइप १ फक्त मुलांना होतो हा समज चुकीचा आहे. प्रौढांत तो सावकाश येतो आणि टाइप २ समजून गोळ्या दिल्या जातात. टाइप १ मध्ये शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतं आणि त्याच्या खुणा, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात सापडतात. आधी जीएडी अँटिबॉडी पाहा. ती नसेल तर आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८. अँटिबॉडी नाहीत म्हणून टाइप १ नाहीच असंही नाही, काहींमध्ये त्या सापडत नाहीत. सी-पेप्टाइड सांगतं की तुमचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय : २०० पिकोमोल प्रति लिटरच्या खाली असेल तर टाइप १ कडे, ६०० च्या वर असेल तर टाइप २ कडे कल. त्याच वेळची शुगरही मोजायला सांगा, तिच्याशिवाय हा आकडा वाचता येत नाही. या तपासण्यांचे निकाल येईपर्यंत थांबू नका, उतरतं वजन आणि १० एचबीए१सी ही इन्सुलिनबद्दल आत्ताच बोलण्याची वेळ आहे. उलट्या किंवा धाप लागली तर थेट रुग्णालय.

प्रश्न : न्यूमोनियात दाखल असताना स्टिरॉइड दिलं, शुगर २४० झाली. घरी आल्यावर नॉर्मल. आता मी मधुमेही का?

एवढ्यावरून नाही. मोठ्या आजाराच्या ताणाने आणि स्टिरॉइडने शुगर चढते. सकाळची उपाशीपोटीची शुगर ठीक आणि दुपारनंतरची चढलेली, ही सकाळी दिलेल्या स्टिरॉइडची ओळखीची चाल. दाखल झाल्याच्या सुमाराचं एचबीए१सी कागदांत शोधा. ते ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह बहुधा आधीपासून होता. नसेल तर बरं वाटू लागल्यावर, स्टिरॉइड बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि त्यानंतर दरवर्षी.

प्रश्न : निदान पक्कं झालं, टाइप २. आता आणखी कोणत्या तपासण्या?

टाइप २ वर्षानुवर्षं गुपचूप असू शकतो, म्हणून निदानाच्या महिन्यातच बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, नजर साफ असली तरी. मूत्रपिंडासाठी सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर आणि रक्तात क्रिएटिनिन. शिवाय कोलेस्टेरॉल, रक्तदाब. आणि मोजे काढून पाय दाखवा : तळव्याला टेकवल्यावर १० ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा बारीक तंतू तुम्हाला डोळे मिटून जाणवतो का, एवढंच पाहायचं असतं. एका मिनिटाचं काम आहे. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.